राउटरमधील आज्ञावली कोणाची ?

आजकाल पुष्कळ घरांत, पुस्तकांच्या फळीवर किंवा खिडकीच्या चौकटीपाशीं, एक लहानशी पेटी ठेवलेली असते. तिला एखाददोन कांड्या असतात, दर्शनी भागावर हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि घरांतील माणसें तिच्याकडे क्वचितच पाहतात. परंतु एखाद्या सायंकाळीं तिचें काम थांबलें कीं मुलांचा अभ्यास अडतो, परदेशीं असलेल्या मुलीशीं चाललेलें बोलणें मध्येंच तुटतें, वडिलांचा बँकेचा व्यवहार अर्धवट राहतो, आणि सारें घर त्या पेटीभोवतीं गोळा होतें. या पेटीला राउटर म्हणतात. ती घरमालकानें पैसे मोजून विकत घेतलेली असते. तथापि तिच्या पोटांत चालणारी आज्ञावली कोणाची, ती बदलण्याचा अधिकार मालकास आहे किंवा नाहीं, आणि बदलावयाचीच झाल्यास ती पारखून कशी घ्यावी, हे तीन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सन २००३ पासून पुढच्या चारपांच वर्षांत एका विशिष्ट राउटरच्या निमित्तानें या तिन्ही प्रश्नांचा कस लागला. ती हकीकत प्रत्येक गृहस्थानें समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम राउटर काय करतो तें पाहूं. एक मोठा वाडा आहे, त्यांत दहा बिऱ्हाडें आहेत, परंतु टपालखात्याच्या दप्तरीं साऱ्या वाड्याचा पत्ता एकच आहे, अशी कल्पना करावी. वाड्याच्या दिंडीदरवाजाशीं एक कारकून बसलेला आहे. आंतील बिऱ्हाडकरूनें पत्र धाडलें कीं हा कारकून त्यावर वाड्याचा पत्ता घालतो, आणि कोणाचें पत्र कोठें गेलें याची नोंद आपल्या टिपणांत करतो. उत्तर आलें म्हणजे ती नोंद पाहून तें ज्याचें त्याच्या दारीं पोंचवितो. ज्याची नोंद नाहीं असें परकें पत्र तो आंत घेत नाहीं. राउटर हेंच काम करतो. फरक इतकाच कीं तो सेकंदाला हजारों पत्रांचा बटवडा करतो, आणि घरांतील यंत्रांशीं कधीं तारेनें तर कधीं तारेवांचून, रेडिओच्या लहरींनीं, बोलतो. या लहरी सेकंदाला सुमारें २४० कोटि कंपनांच्या असतात.

हा कारकून म्हणजे वस्तुतः एक छोटा संगणकच होय. त्याच्यापाशीं दोन प्रकारची स्मृति असते. शाळकरी मुलाच्या दप्तराचा दृष्टान्त घेतला तर एक पाटी आणि एक वही. पाटीवर चालू काम होतें. वीज गेली कीं ती कोरी होते. वहींत शाईनें लिहिलेलें असतें. तें वीज गेल्यानें जात नाहीं, आणि खोडून पुन्हां लिहावयाचें तर मुद्दाम खटपट करावी लागते. वहींत लिहिलेल्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. वहीचें पहिलें पान फार महत्त्वाचें. वीज सुरू होतांच राउटर तें वाचतो, आणि पुढें काय वाचावयाचें हें त्याला त्यावरूनच कळतें. मधल्या पानांवर फर्मवेअर असतें. शेवटच्या पानावर घरमालकाच्या निवडी, म्हणजे जाळ्याचें नांव, परवलीचा शब्द वगैरे, टिपलेल्या असतात. फर्मवेअर बदलणें म्हणजे मधलीं पानें खोडून तेथें नवा मजकूर लिहिणें. लिहितां लिहितां वीज गेली किंवा मजकूरच चुकीचा निघाला, तर आपलें काम काय हेंच या कारकुनाला आठवत नाहीं.

आतां त्या विशिष्ट राउटरकडे वळूं. सन २००२ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यांतील लिंक्सिस या कंपनीनें डब्ल्यूआरटी५४जी या नांवाचा निळाकाळा राउटर बाजारांत आणला. नांवांतील ५४ हा आकडा सेकंदाला ५४ मेगाबिट या कमाल वेगाचा निदर्शक आहे. ज्या प्रमाणाला अनुसरून तो बनविला होता तें ८०२.११जी नांवाचें प्रमाण जून २००३ मध्यें कायम झालें. म्हणजे यंत्र आधीं विकलें गेलें आणि नियम मागून ठरले. साहजिकच निर्मात्याला फर्मवेअरच्या दुरुस्त आवृत्त्या काढणें भाग पडलें, आणि वहींतला मजकूर घरीं बसून बदलतां येतो हें गिऱ्हाइकांना त्यानेंच शिकविल्यासारखें झालें. दरम्यान मार्च २००३ मध्यें सिस्को या मोठ्या कंपनीनें लिंक्सिस विकत घेण्याचें जाहीर केलें.

या राउटरच्या आंत डोकावून पाहणाऱ्यांना असें आढळलें कीं त्याचें फर्मवेअर लिनक्सवर उभारलेलें आहे. लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली होय. तिचा आरंभ १९९१ त हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें केला, आणि पुढें जगांतील असंख्य लोकांनीं तींत भर घातली. ती ज्या परवान्याखालीं दिली जाते त्याचें नांव जनरल पब्लिक लायसन्स. त्याचें मर्म थोडक्यांत असें कीं, हें लिखाण कोणीही घ्यावें, बदलावें, वाटल्यास विकावें. परंतु ज्याला तें दिलें त्याला मूळ लिखाण मिळालें पाहिजे, आणि घेणाऱ्याला जे हक्क होते तेच पुढच्यालाही राहिले पाहिजेत. विहिरीचें पाणी फुकट आहे, पण पाणी नेणाऱ्यानें विहिरीवर झांकण घालून कुलूप लावूं नये, असा हा नियम आहे. लिंक्सिसनें पाणी नेलें होतें. मूळ लिखाण मात्र प्रसिद्ध केलें नव्हतें. ७ जून २००३ रोजीं अँड्र्यू मिक्लास यांनीं लिनक्सच्या कर्त्यांना उद्देशून लिहिलेल्या जाहीर पत्रांत ही गोष्ट दाखवून दिली. बरीच चर्चा झाली, आणि त्याच वर्षीं कंपनीनें तें लिखाण सर्वांसाठीं खुलें केलें.

खुलें झालें खरें, पण सगळें नव्हे. राउटरमधील रेडिओची चिप ब्रॉडकॉम या कंपनीची होती, आणि ती चालविणारा भाग केवळ यंत्रालाच वाचतां येईल अशा स्वरूपांत दिला गेला. त्याच्या आंत काय आहे हें माणसाला कळण्याची सोय नव्हती. तो भाग लिनक्सच्या २.४ या जुन्या पिढीसाठीं बनविलेला होता, म्हणून लिनक्स पुढें गेलें तरी या राउटरसाठीं फर्मवेअर लिहिणाऱ्यांना वर्षानुवर्षें त्या जुन्या पिढीशींच बांधून राहावें लागलें. हक्क मिळाला तरी एका खोलीची किल्ली दुसऱ्याच्याच कनवटीला राहिली.

पहिले प्रयोग अगदीं भीतभीत झाले, आणि तें योग्यच होतें. जिम बझबी यांच्या बॅटबॉक्स नांवाच्या संचाचें उदाहरण बोधप्रद आहे. तो संच वहीला हातच लावीत नसे. कांहीं उपयुक्त हत्यारें तो राउटरच्या पाटीवर लिहून देई. वीज बंद करून पुन्हां चालू केली कीं पाटी कोरी आणि राउटर पूर्ववत्. नव्या शिकाऱ्यानें आधीं किनाऱ्याशीं पाण्यांत उतरावें तसाच हा प्रकार होता. आंत शिरण्याचा मार्गही मोठा चमत्कारिक सांपडला. राउटरच्या व्यवस्थेच्या पानांत, दूरच्या संगणकापर्यंत पोंच आहे किंवा नाहीं हें तपासण्याची एक चौकट होती. तींत पत्त्याऐवजीं आज्ञा लिहिली तर आरंभीच्या फर्मवेअरमधील चुकीमुळें राउटर ती निमूटपणें पाळीत असे. या दोषाचा उपयोग लोकांनीं एका चांगल्या कामासाठीं केला. वहीच्या शेवटच्या पानावर ‘बूट वेट’ नांवाची एक निवड असते. ती चालू केली म्हणजे राउटर जागा होतांना कांहीं सेकंद थांबतो आणि कोणी तारेनें नवा मजकूर पाठवीत आहे काय तें पाहतो. मधलीं पानें सर्व बिघडलीं तरी या थोड्या सेकंदांत तीं पुन्हां लिहितां येतात. म्हणून अनुभवी परीक्षकांचा पहिला नियम असा ठरला कीं, ही निवड चालू झाल्याची खात्री करून घेतल्यावांचून वहीला हात लावूं नये.

यानंतर फर्मवेअरच्या निरनिराळ्या परंपरा निघाल्या. स्वीडनमधून स्वीसॉफ्टच्या आवृत्त्या आल्या. जानेवारी २००४ मध्यें ओपन-डब्ल्यूआरटी या उपक्रमाचा आरंभ झाला. त्याच्या आवृत्त्यांना ‘व्हाइट रशियन’, ‘कामिकाझी’ अशीं मिश्र पेयांचीं नांवें देत, आणि राउटरच्या आंत प्रवेश करतांच त्या पेयाची कृतीही वाचावयास मिळे. स्वीसॉफ्टनें वार्षिक वर्गणी मागण्यास सुरुवात केल्यावर जर्मनींतील सेबास्टियन गोत्शाल यांनीं त्याच लिखाणाच्या आधारें डीडी-डब्ल्यूआरटी सुरू केलें. पुढें २००६ च्या सुमारास जॉनथन झराटे यांचें टोमॅटो आलें. घरांतील वाहतुकीचे आलेख चालू स्थितींत काढून दाखविण्याबद्दल तें विशेष लोकप्रिय झालें.

आतां परीक्षा कशी करीत तें क्रमानें पाहूं. कारण या हकीकतीचा खरा गाभा तेथें आहे.

परीक्षक प्रथम पेटी उलटी करून तळाची चिठ्ठी वाची. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या पेट्यांच्या अनेक पिढ्या होत्या, आणि आंतील चिपा निरनिराळ्या होत्या. दुसऱ्या पिढीची चिप २०० मेगाहर्ट्‌झची, तिची पाटी १६ मेगाबाइटची आणि वही ४ मेगाबाइटची. एका पिढीचें फर्मवेअर दुसरीवर चढविलें तर घात ठरलेला. मग तो सर्व निवडी कागदावर उतरवून घेई. यंत्राच्या निवडी यंत्रांतच जतन करून ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरींत ठेवून दार लावण्यासारखें आहे. तिसरी गोष्ट, निर्मात्याचें मूळ फर्मवेअर तो आधींच आपल्या संगणकावर उतरवून ठेवी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण अनेकांची फजिती येथेंच झाली. राउटर बिघडला म्हणजे त्याचें औषध इंटरनेटवर असतें, आणि इंटरनेटवर जाण्याचा रस्ता त्या राउटरमधूनच जातो. तहान लागल्यावर विहीर खणूं नये ही म्हण या धंद्यांत अक्षरशः खरी ठरली.

चौथें काम उतरविलेला मजकूर अविकल आहे हें पाहण्याचें. कर्त्यानें मजकुराबरोबर एक लांब आकडा दिलेला असतो. तो सर्व मजकुरावरून गणितानें काढलेला असतो. आपल्याकडील प्रतीवरून तोच आकडा निघाला तर प्रत बरोबर. एक अक्षर जरी हललें तरी आकडा सर्वस्वीं बदलतो. पांचवें, लिहिण्याचें काम नेहमीं तारेनें करावयाचें, रेडिओनें नव्हे. आणि लिहिणें चालू असतां विजेच्या बटणाकडे हात न्यावयाचा नाहीं. त्या दोनतीन मिनिटांत दिवे विचित्र रीतीनें लुकलुकतात, संगणक मूक होतो, आणि अधीर मनुष्याला वाटतें कीं यंत्र अडकलें. पुष्कळ राउटर फर्मवेअरच्या दोषानें नव्हे, तर मालकाच्या या अधीरपणानें मेले.

लिहून झाल्यावर शेवटच्या पानावरील जुन्या निवडी पुसून टाकणें हेंही आवश्यक असे. जुन्या आज्ञावलीच्या निवडी नवीला भलत्याच अर्थानें कळतात, आणि मग नसलेले दोष तिच्या माथीं मारले जातात. त्यानंतर निवडी कागदावरून पुन्हां हातानें भरावयाच्या. ओपन-डब्ल्यूआरटीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द ठरवीपर्यंत आंत जाण्यास कोणतीच आडकाठी नसे. म्हणून बाहेरची तार जोडण्यापूर्वीं तो ठरविणें हें शहाणपणाचें.

येथपर्यंतची तयारी तासाभराची असते. खरी परीक्षा पुढें, आठवडाभर चाले. नवें फर्मवेअर दहा मिनिटें चाललें याचा अर्थ फारसा कांहीं नसतो. म्हणून चांगला परीक्षक आधीं जुन्या फर्मवेअरवर वेग मोजून ठेवी : एकदां राउटरशेजारीं, एकदां भिंतीपलीकडे, एकदां माडीवर. नव्यावरही त्याच जागीं, त्याच वेळीं मोजी. एका वेळीं एकच निवड बदली. दोन बदलल्या आणि गुण आला, तर तो कोणाचा हें सांगतां येत नाहीं; आणि अवगुण आला तर दोन्ही सोडाव्या लागतात. काय बदललें, केव्हां, आणि नंतर काय झालें, हें तो दिनांकासह लिहून ठेवी आणि आवृत्तीच्या क्रमांकासह कर्त्याला कळवी. ‘चालत नाहीं’ एवढेंच कळविणाऱ्या शंभर तक्रारींपेक्षां ‘अमुक आवृत्ति, अमुक पिढी, अमुक केल्यावर तिसऱ्या दिवशीं थांबली’ असें सांगणारें एक पत्र कर्त्याच्या अधिक उपयोगी पडे.

तिसऱ्या दिवशीं थांबणें हें कल्पित उदाहरण नव्हे. वारंवार आढळणारा हा विकार अशा टिपणांमुळेंच उलगडला. दिवे हिरवे, तारा ठीक, पण घरांत एकही पान उघडत नाहीं. वीज बंद करून पुन्हां चालू केली कीं सर्व सुरळीत. लोक सेवा देणाऱ्या कंपनीला दोष देत. कारण निराळेंच होतें. दिंडीदरवाजाशीं बसलेल्या त्या कारकुनाचें टिपण आठवावें. तें टिपण पाटीवर असतें. लिनक्सच्या मूळ ठरावाप्रमाणें, एकदां जुळलेल्या संबंधाची नोंद दोन्ही पक्ष मूक असले तरी ४,३२,००० सेकंद, म्हणजे पुरे ५ दिवस, पुसली जात नसे. मोठ्या संगणकाला याची क्षिति नाहीं. परंतु १६ मेगाबाइटच्या पाटीवर, आणि घरांतील कोणी शेंकडों ठिकाणांशीं एकदम संबंध जोडणारा कार्यक्रम चालवीत असतां, पाटी मेलेल्या नोंदींनीं भरून जाई आणि नव्या पत्राची नोंद करण्यास जागाच उरत नसे. निर्मात्याच्या फर्मवेअरमध्यें मालकाला ही पाटी पाहण्याची सोय नव्हती. नव्या फर्मवेअरनें ती उघडून दाखविली, नोंदी मोजतां आल्या, आणि मुदत पांच दिवसांवरून तासाभरावर आणतां आली. फार कमी केली तर उलट अपाय होई : स्तब्ध बसलेला पण जिवंत असलेला संबंधही तुटे. योग्य मुदत कोणती हें घरोघरच्या परीक्षेनेंच ठरलें.

सगळ्याच प्रयोगांचा शेवट असा गोड होत नसे. वहीचें पहिलें पान बिघडलें, किंवा बूट वेटची निवड करावयाची राहिली आणि मधलीं पानें गेलीं, तर राउटरला परीक्षकांच्या बोलींत ‘वीट’ म्हणत. कारण त्यानंतर दाराला आधार देण्यापलीकडे त्याचा उपयोग नसे. विटेंतही भेद होते. विजेचा दिवा सतत लुकलुकत असला तर पहिलें पान शाबूत आहे असें समजून तारेनें मूळ मजकूर पाठवावा. बहुधा यंत्र वांचे. तेंही न साधल्यास पेटी उघडून, आंतील पाटावरच्या छिद्रांना बारीक तारा जोडून, जेटॅग नांवाच्या पद्धतीनें वही अक्षर अक्षर लिहून काढावी लागे. त्यास तासन् तास लागत. कोणी धीट लोक चिपेचे दोन पाय सुईनें जोडून राउटरला भ्रमांत पाडीत. त्यानें राउटर कधीं उठे, कधीं कायमचा मरे. ज्या घरीं दुसरा राउटर नाहीं आणि घरच्यांचें काम ज्यावर अवलंबून आहे, तेथें अशी परीक्षा करूं नये, हा या सर्वांचा मथितार्थ. परीक्षेचें यंत्र निराळें आणि संसाराचें निराळें असावें.

दुसरा एक मोह रेडिओच्या शक्तीचा. डीडी-डब्ल्यूआरटीमध्यें प्रक्षेपणाची शक्ति २५१ मिलीवॅटपर्यंत लिहितां येत असे. आंकडा वाढविला कीं लहरी माडीवर पोंचतील अशी भाबडी समजूत असते. परंतु संभाषण दुतर्फा आहे. टेंकडीवर उभा राहून मोठ्यानें ओरडणाऱ्याचा शब्द खालच्या गांवीं पोंचला, तरी खालच्याचें उत्तर त्याला ऐकूं येईलच असें नाहीं. ओरडण्यानें कान मोठे होत नाहींत. शिवाय शक्ति वाढली कीं चिप तापते, लहरी विकृत होतात आणि शेजाऱ्याच्या जाळ्यांत गोंगाट माजतो. आणि येथें कायद्याचाही प्रश्न येतो. युरोपांत या लहरींवर १०० मिलीवॅटची मर्यादा आहे. अमेरिकेंत ११ पर्यंतच्या वाहिन्या वापरतात, तर युरोपांत १३ पर्यंत. आकाश हें कोणा एकाच्या मालकीचें नाहीं. राउटर आपला असला तरी त्याच्या लहरी आपल्या भिंतीशीं थांबत नाहींत.

सन २००५ च्या अखेरीस या खेळाला मोठा हादरा बसला. डब्ल्यूआरटी५४जीच्या पांचव्या पिढींत निर्मात्यानें लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स नांवाची दुसरी प्रणाली घातली. पाटी १६ ची ८ मेगाबाइट झाली आणि वही ४ ची २. निळाकाळा रंग तोच, नांव तेंच. पण आंत नव्या मजकुराला जागाच उरली नाहीं. हौशी लोकांची मागणी मात्र दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. म्हणून त्याच सुमारास कंपनीनें जुनें लिनक्सचें यंत्र डब्ल्यूआरटी५४जीएल या नांवानें निराळें विकावयास आरंभ केला. ज्या गोष्टीला आरंभीं निर्मात्याची संमति नव्हती, तीच पुढें त्याच्या मालाचें आकर्षण ठरली.

हा नुसता खेळ नव्हता हें आपल्या देशांतील एका उदाहरणावरून दिसून येईल. जानेवारी २००५ मध्यें भारत सरकारनें २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी घराबाहेरही परवान्यावांचून वापरण्यास मोकळ्या केल्या. लगेच पुढच्या महिन्यांत हिमाचल प्रदेशांतील धर्मशाळा येथें बिनतारी जाळें उभें राहूं लागलें. डोंगर आणि झाडी यांमुळें एका उंच खांबावरून सर्वांना दिसेल अशी जागा तेथें मिळणें कठीण. म्हणून प्रत्येक राउटरनें शेजारच्या राउटरला निरोप द्यावा आणि निरोपानें स्वतःच वाट शोधावी, अशी योजना केली. त्यासाठीं वापरलेले राउटर घरगुती डब्ल्यूआरटी५४जीच होते. ते ऊनपाऊस सोसणाऱ्या पेट्यांत घालून त्यांच्या वहींत ओपन-डब्ल्यूआरटीवर आधारलेलें फर्मवेअर लिहिलें होतें. महिनाअखेर ८ ठिकाणें जोडलीं गेलीं. बर्लिन शहरांत फ्रायफुंक या नागरिकांच्या मंडळीनें याच यंत्रांवर, याच तत्त्वानें, छपरांवरून आपलें जाळें विणलें. दिवाणखान्यांतील वस्तु डोंगरावर कामास आली, ती केवळ तिच्यांतील मजकूर बदलतां येत होता म्हणून.

न्यायालयांनींही या प्रश्नाची दखल घेतली. मे २००४ मध्यें जर्मनींतील म्युनिक येथील न्यायालयानें, साइटकॉम या कंपनीच्या बिनतारी राउटरच्या प्रकरणांत, जनरल पब्लिक लायसन्सच्या अटी बंधनकारक असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २००८ मध्यें फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें सिस्कोविरुद्ध लिंक्सिसच्या मालासंबंधीं न्यूयॉर्क येथें दावा लावला. मे २००९ मध्यें त्यांत तडजोड झाली, आणि परवान्याच्या अटी पाळल्या जातात हें पाहण्यासाठीं एक अधिकारी नेमण्याचें कंपनीनें मान्य केलें. उलट बाजूही पुढें आली. २०१६ त अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें टीपी-लिंक या कंपनीकडून २ लाख डॉलर भरून घेतले, कारण तिच्या राउटरमध्यें देशाची निवड बदलून शक्तीची मर्यादा ओलांडतां येत होती. परंतु त्याच तडजोडींत आयोगानें असेंही वदवून घेतलें कीं, या निमित्तानें परकीय फर्मवेअरला सरसकट दार बंद करूं नये. म्हणजे मालकाचा हक्क आणि शेजाऱ्याचा हक्क हे दोन्ही एकाच कागदावर आले.

आज या हकीकतीचें महत्त्व कमी न होतां वाढलें आहे. निर्माता कांहीं वर्षांनीं जुन्या राउटरकडे पाठ फिरवितो. नवे दोष सांपडतात, पण दुरुस्ती येत नाहीं. मे २०२५ मध्यें अमेरिकेच्या एफबीआयनें अशा सोडून दिलेल्या राउटरांविषयीं जाहीर इशारा दिला, कारण चोर त्यांत शिरून त्यांच्या आडून दुष्कृत्यें करीत होते. घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो. दिवे हिरवेच असतात. अशा वेळीं यंत्र चांगलें असूनही फेंकावें, किंवा त्याच्या वहींत जिवंत लोकांनीं सांभाळलेला मजकूर लिहावा, ही निवड ज्याला करतां येते तोच खरा मालक. अर्थात् यालाही मर्यादा आहे. ४ मेगाबाइटच्या वहींत आजचें ओपन-डब्ल्यूआरटी मावत नाहीं, आणि तो जुना निळाकाळा राउटर आतां कपाटांतच शोभतो.

नोव्हेंबर २०२४ मध्यें ओपन-डब्ल्यूआरटीच्या मंडळीनें स्वतःचाच एक राउटर विक्रीस काढला. त्याची पाटी १ गिगाबाइटची, म्हणजे त्या जुन्या १६ मेगाबाइटच्या ६४ पट आहे. पण लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही नव्हे. त्या राउटरला दोन वह्या आहेत. एक रोजच्या मजकुराची. दुसरी लहान, लिहिण्यापासून राखून ठेवलेली, आणि तींत पहिली दुरुस्त करण्यापुरता मजकूर. पेटीवरील एक खटका फिरविला कीं राउटर दुसऱ्या वहींतून जागा होतो. वीस वर्षें ज्यांनीं आपले राउटर विटा करून घेतले, सुया टोंचल्या, रात्रीं जागून टिपणें केलीं आणि तीं न कंटाळतां कर्त्यांना कळविलीं, त्यांच्या चुकांचें फळ म्हणजे हा खटका आहे. पुढचा नवशिका निर्भयपणें चुकूं शकेल, एवढी सोय मागच्यांनीं करून ठेवली.